निरंक

माझे वडील तलाठी होते, लांज्याजवळ.
रकाने मला लहानपणापासून वाचता येतात:
शाई कुठे घाईत आहे, शेरा कुठे ओशाळला आहे.
म्हणून केंटच्या किनाऱ्यावर, सँडलहाइथ गावात,
बचावहोडीच्या शेडमध्ये, दर गुरुवारी
मी जुनी दप्तरं उघडून बसते
आणि चहाचा थर्मास त्यांच्यापासून हातभर लांब ठेवते.

सन अठराशे एकवीस, नोव्हेंबर.
'पेशन्स' नावाचं जहाज वाळूच्या दांड्यावर फुटलं.
ब्रँडीची पिंपं, चौदा. मोबदला दिला.
तांब्याचे पत्रे. मोबदला दिला.
दोरखंड, एक नांगर, कप्तानाची खुर्ची.
खुर्चीचेसुद्धा दोन शिलिंग.
मग त्याच अक्षरात, तितक्याच शांतपणे:
माणसे, जिवंत, नऊ.
मोबदला: निरंक.

हा शब्द तिथे नाही, अर्थातच.
तिथे एक आडवी रेघ आहे.
पण मी तलाठ्याची मुलगी,
रेघेचा उच्चार मला ठाऊक आहे.

मालाला मालक होता,
मालकाला भाव होता, भावात राजाचा वाटा होता.
बुडणारा माणूस कुणाच्याच खात्यावर नव्हता.

ऑस्विन हॉगबेन, आपण तांडेल म्हणू त्याला,
कस्टमच्या कचेरीत उभा केला गेला:
उरलेली वीस पिंपं का सोडलीस?
त्याचा जबाब दीड ओळीचा आहे.
'माणसं ओरडत होती, साहेब.
पिंपं ओरडत नव्हती.'
दंड दोन पौंड.
हा आकडा मात्र दोनदा गिरवलेला.

त्याच्या आज्याची होडी याच सरकारनं जाळली होती,
वल्ही जास्त आहेत म्हणून.
इतक्या वेगानं जाणारा माणूस चोरच असणार.
पुढे वादळात तीच वल्ही हवीशी झाली,
तेव्हा सरकारनं एक पदक पाठवलं,
सोबत पोचपावती,
सही करून परत करण्यासाठी.
ऑस्विनचा अंगठा आहे तिच्यावर. डांबराचा असावा.

पान उलटायच्या आत पेजर वाजतो.
कॅलम हॉगबेन, प्लंबर, कुणाचं तरी सिंक उघडं टाकून
धावत येतो, बोटांना अजून पांढरा सीलंट.
इंग्लिश खाडीच्या मध्यावर रबरी होडी, हवा जाते आहे,
आत किती जण, कुणालाच माहीत नाही.
ट्रॅक्टर आमची होडी पाण्यात ढकलतो.
कठड्यावरून एक म्हातारा ओरडतो,
'इथे आणू नका त्यांना!'
गेल्या हिवाळ्यात याच माणसाच्या घरी
कॅलमनं बॉयलर बसवला होता, रविवारी, जास्तीचे पैसे न घेता.
तो हात हलवतो त्याला. रागानं नाही,
शेजाऱ्याला हलवतात तसा.

अडीच तासांनी, तेवीस जण.
चंदेरी कागदी ब्लँकेटं वाऱ्यावर इतकी फडफडतात
की नावं ऐकू येत नाहीत.
टॅब्लेट घेतलेला तरुण अधिकारी, नम्र, सर्दी झालेला,
विचारत जातो:
संख्या, देश, वेळ, होडीचा रंग.
एका मुलीच्या हातात एकच चप्पल आहे,
तिच्या पायाहून मोठी. ती सोडत नाही.
कुणाची, असं तो विचारतो.
ती सांगते.
तो पडद्यावर बोट वर नेतो, खाली आणतो,
बराच वेळ,
मग नाक पुसायच्या निमित्तानं वळतो.

कॅलम बूट उलटे करून पाणी ओततो,
सिंक राहिलंय म्हणतो, बाई खोळंबली असेल.
याचे त्याला किती मिळतात
हे मी कधी विचारलं नाही.

मी थर्मासच्या झाकणात चहा ओतते.
मुलगी चप्पल काखेत धरते
आणि दोन्ही हातांनी पिते,
गरम आहे, हळू, असं मी मराठीत म्हणते,
ती मान हलवते.
मागे टेबलावर दप्तर उघडंच राहिलंय,
दार कुणी लावलेलं नाही,
आणि भरती चढते आहे.